दोनशे की तीनशे चाळीस

कुडचड्याला रुझारच्या दुकानात
टायर छतापर्यंत रचलेले.
रबराचा वास जिभेवर बसतो
आणि चहातही उतरतो.

तो दोन टायर माझ्यापुढे आडवे टाकतो.
एकाच्या अंगावर दोनशे कोरलंय,
दुसऱ्याच्या तीनशे चाळीस.
"आकडो ल्हान, तर रबर मोव, बाय.
मोव रबर रस्त्याक घट्ट धरता,
पूण बेगीन सोंपता."

मी दोनशेवर अंगठा रोवते.
दबतो किंचित,
उद्या पिकणाऱ्या चिकूसारखा.

वर्षातून तीनदा मी घाट चढून ट्रॅकवर जाते.
हेल्मेट, पाण्याचा कॅन, हवा मोजायचं घड्याळ,
डब्यात थंड पोळ्या.
तिसरं वळण डावीकडे, उताराचं.
तिथे गाडीचं मागचं अंग सुटू बघतं,
सुटतं जवळजवळ,
आणि धरतं.
ते धरणं मणक्यात कळतं, खालून वर.
त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकते.
ऑफिसात कुणाला माहीत नाही.

उरलेले तीनशे बासष्ट दिवस
मी वेर्ण्याला असते, औषधांच्या कारखान्यात.
गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते
ते मोजायचं काम.
लवकर विरघळली तरी नापास,
उशिरा विरघळली तरी नापास.

आणि मधला रस्ता:
चांदरच्या पुढे अरुंद,
समोरून बस आली की एक चाक मातीत.
मडगावला मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळतं,
ऐन वळणावर खारट, तेलकट रेघ.
एप्रिलात चिरडलेली काजूची बोंडं.
ऑगस्टात वेर्ण्याच्या पठारावरून
लाल पाणी डांबरावर आडवं येतं, घोट्याएवढं.
दोनशेच्या अंगावर खाचा थोड्याच.
एवढं पाणी जाणार कुठून?

बाबा स्टुलावर. चहा नको म्हणाले.
बावीस वर्षं त्यांनी टिप्पर चालवला,
रिवणच्या खाणीवरून धक्क्यापर्यंत,
दिवसाला सात खेपा, कधी आठ.
टायर रिमोल्डचे. रिमोल्डचेही रिमोल्ड.
एकदा तिळामळच्या उतारावर
मागच्या चाकाची अख्खी पट्टी सोलून निघाली
आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर आपटली.
दोघंही वाचले.
मालकाने पट्टीचे पैसे पगारातून कापले.

चष्मा घरी राहिलाय.
ते बोटाने आकडा वाचतात,
आंधळ्याने नाणं चाचपावं तसं,
मग नखाने खाच खरवडतात.
"टायर मी कधी निवडला नाही," म्हणतात.
"लावलेला असायचा."

रुझार कॅल्क्युलेटर पुसतो, उगाच.

"तिथे वळतेस, तेव्हा भीती वाटते?"
"वाटते."
"मग ठीक आहे."
आणि खूप वेळाने, टायरकडेच बघत,
"इथे वाटू नये. रोजच्या रस्त्याला."

मी तीनशे चाळीसवर हात ठेवते.
चारही तेच.
दोनशेचे डिसेंबरात बघू,
वेगळ्या रिमवर, हप्त्यांनी.
किंवा नाहीच बघणार.
तिसऱ्या वळणाला यंदा
जरा आधी ब्रेक मारीन,
त्यालाही काही शिकायला लागतंच.

जॅक वर जातो. जुनी चाकं निघतात,
आतल्या कडेला झिजलेली, बाहेरून शहाणी.
"अलायनमेंट कर गो," रुझार ओरडतो,
"ना जाल्यार हेय तशेच वचतले."

बाबा काउंटरवरची बरणी जवळ ओढतात.
हवेच्या नळीवर बसवायची टोपणं:
काळी, निळी, सोनेरी, फाशाच्या आकाराची.
बराच वेळ उलटंपालटं करतात.
फासा हातात घेतात, ठेवून देतात.
मग तळहातावर चार लाल.
"हे मी देतो," म्हणतात,
आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून
घडी घातलेली शंभराची नोट.
रुझार सुटे परत करतो, ते मोजून घेतात.

चारही चाकांपाशी वाकून
त्यांनी स्वतः टोपणं फिरवली.
मी कमरेला हात लावायला गेले तर
कोपराने बाजूला सारलं.

"पयले शंभर किलोमीटर सवकाश," रुझार म्हणाला,
"नवें रबर निसरतें."

"ऐकलंस?" बाबा म्हणाले,
आणि दार लावायच्या आधीच
स्पीडच्या काट्याकडे बघत बसले.